धन्याचा धर्म आणि घरचा पाळणा

गेल्या माघांतील गोष्ट. आमचे एक वृद्ध शेजारी सायंकाळीं हातांत लांबट लिफाफा घेऊन आमच्याकडे आले. चौतीस वर्षें विरारहून भल्या पहांटेची गाडी पकडून चर्चगेटच्या कचेरींत जाणारा हा गृहस्थ. सेवानिवृत्त झाल्यालाही आतां बरींच वर्षें लोटलीं. दोन मुलगे, दोन सुना, नातवंडें आणि एक वृद्ध भगिनी असा त्यांचा संसार, शेजारशेजारच्या दोन सदनिकांमधली भिंत पाडून, अद्याप एकाच चुलीवर चालला आहे. विरारसारख्या गांवीं, जेथें डोंगरावरील जीवदानीच्या देवळाहूनही उंच इमारती उठतात कीं काय अशी शंका यावी, तेथें असें घर दिसलें म्हणजे आम्हांस नेहमींच समाधान वाटतें.

“थोरल्या सुनेचें पत्र आहे. जरा वाचून सांगा,” असें म्हणून ते टेकले. मागोमाग थोरली सूनही येऊन दाराशीं उभी राहिली.

ही सून मुंबईंतील एका धार्मिक संस्थेच्या शाळेंत शिक्षिका आहे. कोणत्या धर्माची संस्था, कोठली शाळा, हें सांगण्याचें कारण नाहीं. दोन मुलें झाल्यावर पति-पत्नीनें विचार करून पुढें अपत्य नको असें ठरविलें, आणि तिनें एका खाजगी शुश्रूषागृहांत शस्त्रक्रिया करून घेतली. संस्थेनें आपल्या नोकरवर्गाचा सामूहिक आरोग्यविमा उतरविलेला आहे. दुसऱ्या बाळंतपणाचा खर्च त्यांतून बिनबोभाट मिळाला होता. म्हणून या वेळींही तिनें कागद पाठविले. उत्तर आलें कीं, हा खर्च देतां येत नाहीं.

“यांत वाचावयाचें तें काय?” शेजारी म्हणाले. “संस्था धर्माची. असल्या गोष्टीस ती पैसा देईल कशी? आम्हांसच आधीं कळावयास हवें होतें.”

“पण मामंजी, संस्थेनें नाहीं म्हटलें असें पत्रांत कोठें लिहिलें आहे?” दारांतून हळूच प्रश्न आला.

तिचें म्हणणें खरें होतें. आम्हीं पत्र वाचलें, मग मूळ पॉलिसी मागवून तीही वाचली. नकार संस्थेचा नव्हता, आणि त्यांत धर्माचा लवलेशही नव्हता. परंतु तें कसें हें सांगण्यापूर्वीं वाचकांस थोडें मागें नेलें पाहिजे. कारण आमच्या शेजाऱ्यांची शंका या वेळीं चुकली असली तरी ती वेडगळ नव्हती. जो पगार देतो त्याच्या धर्मश्रद्धेनें नोकराच्या घरांतील पाळण्याचा हिशोब ठरावा काय, हा प्रश्न आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वींच उभा राहिलेला आहे. आणि तो उभा राहिला तें ठिकाण विरारच्याच रेल्वेमार्गाच्या दुसऱ्या टोंकाशीं आहे.

१८६७ सालीं मुंबईची पहिली उपनगरी गाडी सुटली ती विरारहून, आणि ती जाऊन थांबे बॅकबेच्या किनाऱ्यास. त्याच बॅकबेच्या कांठीं, गिरगांव चौपाटीसमोर, विल्सन कॉलेज उभें आहे. स्कॉटलंडचे मिशनरी जॉन विल्सन यांनीं १८३२ सालीं जी शाळा काढली तिचेंच हें वाढलेलें रूप. त्यांच्या पत्नी मार्गारेट विल्सन यांनीं मुंबईंत मुलींच्या शाळा काढल्या त्या काळीं आपल्या घरांतून मुलीच्या हातीं पाटी देणें म्हणजे अभद्र मानीत असत. तेव्हां या मंडळींस प्रतिगामी म्हणून हिणविणें आम्हांस शोभणार नाहीं. आपल्या कित्येक आजोबा-पणजोबांच्या पदव्या याच इमारतींतून आलेल्या आहेत.

या कॉलेजांत गणिताचे प्राध्यापक होते रघुनाथ धोंडो कर्वे. महर्षि अण्णासाहेब कर्व्यांचे हे वडील चिरंजीव. जन्म १४ जानेवारी १८८२, मुरूडचा. नऊ वर्षांचे असतां आई गेली. पुढें दोन वर्षांनीं, १८९३ सालीं, वडिलांनीं विधवेशीं विवाह केला आणि मुरूडकरांनीं त्यांस वाळींत टाकलें, हा इतिहास आमच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. अशा घरांत वाढलेला मुलगा लोकमताची पर्वा थोडी कमी करणार हें ओघानेंच आलें. रघुनाथराव गणितांत निष्णात. उच्च अभ्यासासाठीं पॅरिसलाही जाऊन आले. परत आल्यावर १९२१ सालीं त्यांनीं मुंबईंत संततिनियमनाचा सल्ला व साधनें देणारें केंद्र सुरू केलें. हिंदुस्थानांतील असें हें पहिलेंच केंद्र. लंडनमध्यें मेरी स्टोप्स बाईंचा दवाखाना निघाला तोही त्याच सालीं. म्हणजे या एका बाबतींत आपण विलायतेच्या मागें नव्हतों! १९२३ सालीं त्यांनीं याच विषयावर मराठींत पुस्तकही लिहिलें.

दिवसा गणित आणि उरल्या वेळांत हा उद्योग. पत्नी मालतीबाई त्यांच्या बरोबरीनें उभ्या राहिल्या. स्वतःस अपत्य होऊं द्यावयाचें नाहीं असा उभयतांचा निश्चय होता. भूमितीच्या सिद्धान्तांत कोणती ओळ पाखंडी होती असें कोणी म्हटलें नाहीं. तरीहि कॉलेजच्या चालकांस आपल्या एका प्राध्यापकानें असल्या विषयाचा उघड प्रचार करावा हें रुचेना. प्रचार सोडा, नाहीं तर कॉलेज सोडा, अशी ती अडचण होती. १९२५ सालीं रघुनाथरावांनीं राजीनामा दिला.

पुढचा इतिहास मोठा आहे, पण आम्ही तो थोडक्यांत सांगतों. १९२७ च्या जुलैंत त्यांनीं ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढलें आणि तें १९५३ सालीं मृत्यु येईपर्यंत सव्वीस वर्षांहून अधिक काळ एकहातीं चालविलें. अश्लीलतेच्या आरोपाखालीं खटले झाले. १९३४ च्या खटल्यांत त्यांच्या बाजूनें डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. तरीहि दोनशें रुपये दंड झालाच. गणिताच्या प्राध्यापकाचा नियमित पगार गेल्यावर दोनशें रुपये म्हणजे काय, हें महिनाअखेरीस घर चालविणाऱ्या भगिनी आमच्याहून अधिक चांगलें सांगतील.

येथें एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. १९२० सालीं इंग्लंडच्या धर्मगुरूंच्या लॅम्बेथ परिषदेनें संततिनियमनाच्या कृत्रिम साधनांचा निषेध केला होता. १९३० सालीं त्याच परिषदेनें कांहीं मर्यादा घालून त्यांस वाट मोकळी केली. विल्सन कॉलेज त्या पंथाचें नव्हे, हें खरें. परंतु ख्रिस्ती धर्माच्या एका मोठ्या शाखेनें ज्या दारास दहा वर्षांत कडी घातली आणि काढलीहि, त्या दारापायीं मधल्याच काळांत मुंबईच्या एका गृहस्थाची भाकरी गेली. रोमन कॅथॉलिक पंथानें मात्र त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशीं पोपच्या आज्ञापत्रानें निषेध कायम केला, आणि १९६८ सालीं तो पुन्हां दृढ केला. ऋतुकालाचा हिशोब ठेवून संयम पाळणें तेवढें त्यांस मान्य आहे.

आपण हिंदूंनीं यावरून मान ताठ करूं नये. कर्व्यांवरील खटल्यांत त्यांच्याविरुद्ध गेलेले लोक पाद्री नव्हते. ते आपलेच होते. १९३५ च्या डिसेंबरांत अमेरिकेच्या मार्गारेट सँगरबाई वर्ध्यास येऊन गांधीजींस भेटल्या, तेव्हां महात्माजींनींहि कृत्रिम साधनांस संमति दिली नाहीं. संयम हाच मार्ग, असें त्यांचें मत कायम राहिलें. फरक इतकाच कीं, महात्माजींनीं कोणाचा पगार तोडला नाहीं.

आणि आमच्या मतें सारें मर्म या एवढ्या फरकांत आहे. एखाद्या संस्थेस एखादी गोष्ट पाप वाटते. ती तिनें करूं नये, शिकवूं नये, आपल्या व्यासपीठावरून तिचा निषेध करावा. कोणाही सद्गृहस्थानें यास हरकत घेऊं नये. परंतु संस्था ज्यास नोकरीस ठेवते त्याचे कांहीं तास ती विकत घेते. त्याचें घर विकत घेत नाहीं. महिनाअखेरीस पगार हातांत पडला कीं तो नोकराचा झाला. त्यानें त्याची साबुदाण्याची खिचडी खावी कीं मटणाचा रस्सा, हें जसें धन्यानें पाहावयाचें नाहीं, तसेंच हें.

एवढें सरळ असतें तर वाद मिटला असता. परंतु आतां पगाराचा एक हिस्सा रोख न मिळतां विम्याच्या रूपानें मिळूं लागला आहे, आणि गुंता तेथें झाला. आपल्या कित्येक लेकी-सुना ज्या अमेरिकेंत संसार करीत आहेत, त्यांस हा गुंता चांगलाच परिचयाचा आहे. त्या देशांत औषधोपचार अतोनात महाग, आणि साधारण कुटुंबाचा आरोग्यविमा नोकरीबरोबर येतो. २०१० सालीं तेथें नवा आरोग्य-कायदा झाला. त्याच्या नियमांन्वयें २०१२ पासून विम्यांत स्त्रियांसाठीं संततिनियमनाचीं मान्य साधनें, त्यांच्याकडून कांहीं एक जादा पैसा न घेतां, समाविष्ट करणें मालकांवर बंधनकारक झालें. चर्चसारख्या निव्वळ धर्मसंस्थांस सूट होती. पण मग कॅथॉलिक विद्यापीठें, रुग्णालयें, वृद्धाश्रम चालविणाऱ्या जोगिणी, हीं सर्व पुढें आलीं. त्यांचें म्हणणें असें कीं, जें आम्ही पाप मानतों त्याचा हप्ता आमच्या हातून भरविणें हा आमच्या श्रद्धेवर बलात्कार आहे.

त्याहून पुढची गंमत म्हणजे एक दुकानदारहि न्यायालयांत गेला. ‘हॉबी लॉबी’ हें ओक्लाहोमा शहरांतून चालणारें दुकानांचें जाळें. भरतकाम, रंगकाम, सजावट यांचें सामान विकणारें. खटल्याच्या वेळीं त्याचीं सुमारें पांचशें दुकानें आणि तेरा हजारांहून अधिक नोकर होते. मालक कुटुंब मोठें धर्मनिष्ठ, रविवारीं दुकानें बंद ठेवणारें. वीस मान्य साधनांपैकीं चारांस त्यांचा विरोध होता. त्यांच्या समजुतीप्रमाणें तीं चार साधनें गर्भ राहिल्यावर त्याचा नाश करतात. सर्वोच्च न्यायालयानें ३० जून २०१४ रोजीं पांच विरुद्ध चार मतांनीं निकाल दिला कीं, मोजक्या व्यक्तींच्या मालकीच्या अशा कंपनीवरहि धर्मश्रद्धेविरुद्ध ही सक्ति करतां येत नाहीं. चार विरोधी न्यायाधीशांच्या वतीनें न्यायमूर्ति रूथ गिन्सबर्ग यांनीं लिहिलेल्या मतांतील एक हिशोब आमच्या मनांत राहिला आहे: गर्भाशयांत बसवावयाच्या साधनाचा तेथील खर्च किमान वेतनावर काम करणाऱ्या स्त्रीच्या जवळजवळ महिनाभराच्या पगाराइतका होतो. पुढें २०२० सालीं वृद्धाश्रमवाल्या जोगिणींच्या खटल्यांतहि सात विरुद्ध दोन मतांनीं सूट देणारे सरकारी नियम उचलून धरले गेले.

जोगिणींबद्दल आम्हांस आदर वाटतो. ज्यांनीं स्वतः संसार सोडला आणि निराधार वृद्धांची सेवा पत्करली, त्यांच्या श्रद्धेचा प्रश्न दुकानदाराच्या श्रद्धेच्या तागडींत घालूं नये. तथापि त्यांच्या आश्रमांत खालचें काम करणारी जी बाई आहे, जी कदाचित् त्यांच्या धर्माचीहि नसेल, तिनें काय करावें? विम्याचा हप्ता म्हणजे धन्याचें दान नव्हे; तिच्या श्रमाच्या मोबदल्याचा तो भाग आहे. रोख दिला असता तर तिनें तो कसाहि खर्चिला असता आणि जोगिणींच्या शिरावर पाप आलें नसतें. मग विम्याच्या कागदांतून दिला म्हणून पाप कोठून आलें? या प्रश्नाचें समाधानकारक उत्तर दोन्ही निकालांच्या हकीकती वाचूनहि आम्हांस सांपडलेलें नाहीं.

ज्यांस वाटत असेल कीं हा सर्व धर्मवाल्यांचा हट्ट आहे, आणि धन्याच्या ठिकाणीं सरकार आलें म्हणजे सर्व ठीक होईल, त्यांनीं १९७६ साल आठवावें. आणीबाणीच्या त्या काळांत उत्तरेकडील कित्येक प्रांतांत सरकारी नोकरांवर व शिक्षकांवर दडपण आलें कीं, स्वतःची शस्त्रक्रिया करून घ्या, किंवा ठराविक माणसें आणून द्या. नाहीं तर पगार थांबेल, बढती अडेल. १९७६-७७ या एका वर्षांत देशांत ८२ लाखांहून अधिक निर्बीजीकरणें झालीं. आपल्या महाराष्ट्राच्या विधिमंडळानें तर तीन अपत्यांनंतर सक्तीच्या शस्त्रक्रियेचें विधेयकच संमत केलें होतें. राष्ट्रपतींची संमति मिळाली नाहीं म्हणून तें कायदा झालें नाहीं, हें आपलें सुदैव. विल्सन कॉलेजनें म्हटलें, साधनांचें नांव काढूं नका. सरकारनें म्हटलें, तीं पत्करल्यावांचून पगार मागूं नका. दोघांचीं तोंडें विरुद्ध दिशांस, पण पाय एकाच उंबऱ्याच्या आंत! महाराष्ट्र सरकारचे लहान कुटुंबाविषयींचे २००५ चे सेवानियम सौम्य आहेत, सक्ति करीत नाहींत. परंतु नोकरीच्या अर्जाबरोबर मुलांची संख्या लिहून घेणारा धनी तो धनीच. ते नियम चांगल्या हेतूचे आहेत असें म्हणणारे पुष्कळ भेटतात. विल्सन कॉलेजच्या चालकांचा हेतुहि वाईट नव्हता.

मग विरार-वसईकडे अमेरिकेसारखें भांडण कां झालें नाहीं? वसईस ख्रिस्ती समाज पोर्तुगीजांच्या काळापासून आहे. कॅथॉलिक संस्थांच्या शाळा व रुग्णालयें यांनीं या तालुक्याची फार मोठी सेवा केलेली आहे, आणि तेथें सर्व धर्मांचे लोक नोकरी करतात. तरीहि या विषयावरून मालक व नोकर न्यायालयांत गेल्याचें आम्हीं ऐकलें नाहीं. कारण असें कीं, आपल्याकडे ही गोष्ट मुळीं धन्याच्या हातांत दिलीच नाहीं. १९५२ सालीं कुटुंबनियोजनाचा सरकारी कार्यक्रम हातीं घेणारा भारत हा जगांतील पहिला देश. निरोध, गोळ्या, तांबी, ‘अंतरा’चें इंजेक्शन, स्त्री-पुरुषांच्या शस्त्रक्रिया, हें सर्व सरकारी रुग्णालयांत विनामूल्य मिळतें, आणि तेथें केसपेपर काढतांना आपला धनी कोण व त्याचा देव कोणता असें कोणी विचारीत नाहीं. ज्या रुग्णालयाच्या श्रद्धेंत तें बसत नाहीं, त्यानें खुशाल करूं नये. शेजारीं दुसरें दार उघडें आहे. कामगारांच्या राज्य विमा योजनेंतहि हीच दृष्टि दिसते. तिच्या नियमांनीं स्त्रीच्या शस्त्रक्रियेसाठीं चौदा दिवस व पुरुषाच्या शस्त्रक्रियेसाठीं सात दिवस पूर्ण पगाराइतका लाभ ठरविला. १९६१ च्या प्रसूतिलाभ-कायद्यांतहि १९९५ च्या दुरुस्तीनें शस्त्रक्रियेनंतर दोन आठवड्यांची पगारी रजा घातली गेली. यांत धन्याच्या श्रद्धेसाठीं अपवादाचें कलम ठेवलेलें नाहीं.

येथवर आपली व्यवस्था अमेरिकेहून शहाणपणाची, असें आम्ही निःसंकोच म्हणतों. पण आतां त्या लिफाफ्याकडे परत आलें पाहिजे.

पॉलिसीच्या मागील पानांवर, जेथें अक्षरें मुंगीएवढीं होतात, तेथें वगळलेल्या खर्चांची यादी होती. विमा नियामक प्राधिकरणानें २०१९ सालीं या यादींतील वाक्यें देशभर एकाच साच्याचीं करून दिलीं आहेत. त्यांतील सतरावें कलम वंध्यत्वाचें. त्या मथळ्याखालीं पहिलीच नोंद कोणती? तर कोणत्याहि प्रकारचें संततिप्रतिबंधन व निर्बीजीकरण! त्याखालीं कृत्रिम गर्भधारणेचे उपचार, आणि त्याच्याहि खालीं निर्बीजीकरण उलटविण्याची शस्त्रक्रिया. म्हणजे मूल व्हावें म्हणून नवस करणारी आणि मूल पुरें म्हणणारी, दोघींस विमा कंपनीनें एकाच कोनाड्यांत बसवून वर पडदा ओढला आहे. पुढचें अठरावें कलम बाळंतपणाचें; जादा हप्ता भरून तें उघडून घेतलें नाहीं तर तोहि खर्च नाहीं. मूल होऊं दिलें तरी नाहीं, न होऊं दिलें तरी नाहीं, आणि होत नसलें तरीहि नाहीं!

संस्थेनें बाळंतपणाचें कलम जादा पैसे भरून उघडून घेतलें होतें. म्हणून दुसऱ्या मुलाच्या वेळीं पैसे मिळाले. सतरावें तसेंच बंद राहिलें होतें. कोणी मुद्दाम बंद ठेवलें असें नव्हे. कोणी त्याकडे पाहिलेंच नव्हतें. अमेरिकेंत ज्यासाठीं धर्माच्या नांवानें सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढावें लागलें, तें आपल्याकडे, कोणाच्या श्रद्धेस धक्का न लागतां, छापखान्यानेंच परस्पर करून टाकलें आहे. धर्मसंस्थेचें तें छापील पान आणि साबण विकणाऱ्या कंपनीचें छापील पान यांत एका अक्षराचा फरक नाहीं. विमा उतरविणारे म्हणतात कीं, विमा हा अकल्पित संकटासाठीं असतो. ठरवून केलेल्या गोष्टीस तो कसा लागावा? व्यापाऱ्याच्या दृष्टीनें यांत तथ्य आहे. पण तोच व्यापारी वर्षाकांठीं आरोग्यतपासणी फुकट करून देतो, कारण आजार टळला तर त्याचाच पैसा वांचतो. चाळिशींतील तिसरें बाळंतपण टळल्यानें किती वांचतो, हा हिशोब त्यानें अद्याप मांडलेला दिसत नाहीं.

गंमत अशी कीं, याच विषयावर विमा आपल्याकडे झालेलाहि आहे. २००५ सालीं सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर केंद्र सरकारनें एक योजना काढली. तींत सरकारी कार्यक्रमांतील शस्त्रक्रियेनें मृत्यु आला, इजा झाली किंवा ती निष्फळ ठरली तर भरपाई ठेवली. म्हणजे शस्त्रक्रिया बिघडली तर विमा. सुरळीत झाली तर खर्च आपला.

हें सर्व आम्हीं शेजाऱ्यांस समजावून सांगितलें. ते कांहीं वेळ गप्प बसले, मग म्हणाले, “म्हणजे संस्थेचा दोष नाहीं तर.” त्यांच्या सुनेनें मात्र दुसराच प्रश्न विचारला. ती म्हणाली, “सरकारी रुग्णालयांत फुकट होतें हें मला ठाऊक होतें. पण मला तेथें जाऊं दिलें नाहीं.”

आम्हांस हें अनपेक्षित होतें. चौकशी करतां कळलें कीं, आपल्या घरच्या सुनेनें सरकारी रुग्णालयाच्या रांगेंत उभें राहावें हें कुटुंबाच्या प्रतिष्ठेस शोभत नाहीं, असें घरांत ठरलें होतें. त्याहीपूर्वीं एक निर्णय झाला होता: शस्त्रक्रिया करावयाची तर ती तिनेंच. तिच्या यजमानांस सुचविण्याचें धैर्य कोणासच झालें नाहीं. वास्तविक पुरुषाची शस्त्रक्रिया स्त्रीच्या मानानें किती लहान! जागा बधिर करून कांहीं मिनिटांत होते, पोट उघडावें लागत नाहीं, माणूस त्याच दिवशीं चालत घरीं येतो. मात्र पुढें सुमारें तीन महिने दुसरें साधन वापरून मग तपासणीनें खात्री करून घ्यावी लागते. असें असतां २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब-आरोग्य पाहणींत काय आढळलें? विवाहित स्त्रियांपैकीं शेंकडा ३७.९ जणींनीं स्वतः शस्त्रक्रिया करून घेतलेली. आणि ज्यांच्या यजमानांनीं ती करून घेतली अशांचें प्रमाण शेंकडा ०.३. अपूर्णांक-चिन्ह छापखान्याच्या चुकीनें सरकलें असेल असें वाचकांस वाटेल, तसें नाहीं.

तेव्हां आमच्या मनांत आलें कीं, धार्मिक धनी शोधावयास आपण चौपाटीपर्यंत किंवा ओक्लाहोमापर्यंत कशास जावें? एकत्र कुटुंबांत कुटुंबविम्याचा हप्ता बहुधा वडील माणूस भरतो. दावा करावयाचा तर कागद त्यांच्या सहीनें जातात, उत्तरें त्यांच्या नांवानें येतात. आतां तर सूचना थेट त्यांच्या भ्रमणध्वनीवर उमटतात. नवी सून डॉक्टरांकडे कोणत्या कारणानें गेली, हें तिच्या आईला कळण्यापूर्वीं मामंजींस कळतें. मग देव्हाऱ्यासमोर बोललें जात नाहीं, पण जेवतांना एखादा शब्द येतो. आत्याबाई कोणा बारा मुलें झालेल्या पणजीची आठवण काढतात. आणि जी गोष्ट दोघांनीं ठरवावयाची तिच्यावर घरभर मतें पडतात. पैसे देणाऱ्याच्या मनांत वाईट कांहीं नसतें. मुलांचें कल्याण व्हावें हाच त्याचा हेतु. आम्ही स्वतः एकत्र कुटुंबांत वाढलों, त्याच्या सावलीचा लाभ घेतला, आणि ती मोडावी असें आम्ही कधींहि म्हणणार नाहीं. परंतु रघुनाथराव कर्वे व त्यांच्या पत्नी यांस मूल नको होतें, हें त्यांच्या घरीं किती सहज मानलें गेलें असेल, याची कल्पना आपल्या घरावरून ज्यानें त्यानें करावी.

शेजाऱ्यांस हें आम्हीं इतक्या स्पष्टपणें सांगितलें नाहीं. वय आणि शेजारधर्म दोन्ही आड आले. आम्हीं फक्त एवढें सुचविलें कीं, धाकट्या मुलाचा व सुनेचा विमा त्या दोघांच्याच नांवें, त्यांच्याच पत्त्यावर स्वतंत्र उतरवावा. यावर त्यांनीं “वेगळें चूल मांडल्यासारखें दिसेल” अशी शंका काढली. थोरली सून म्हणाली, “चूल एकच राहील, मामंजी. कागद वेगळे.” त्यांनीं तिच्याकडे जरा वेळ पाहिलें आणि लिफाफा घडी करून खिशांत ठेवला.

त्यानंतर तिनें दोन कामें केलीं. धाकट्या जावेस बरोबर घेऊन ती महानगरपालिकेच्या रुग्णालयांत गेली. धाकटीनें तेथें विनामूल्य तांबी बसवून घेतली, आणि रांग सकाळीं अकरापर्यंत आटोपली. दुसरें काम म्हणजे शाळेच्या चिटणिसांस पत्र. पॉलिसीचें नूतनीकरण होतांना जसें बाळंतपणाचें कलम जादा हप्ता भरून उघडून घेतलें, तसें सतरावें कलमहि उघडून मिळतें काय, हें कंपनीस विचारावें, आणि येणारा जादा हप्ता हवा तर शिक्षिकांच्या पगारांतून कापावा, म्हणजे संस्थेच्या श्रद्धेचा प्रश्नच येणार नाहीं, असें तिनें लिहिलें. पत्राखालीं आणखी नऊ शिक्षिकांच्या सह्या आहेत. त्यांतील चौघी त्या संस्थेच्याच धर्माच्या आहेत. मसुदा तिनें आम्हांस दाखविला होता. आम्हीं एक ऱ्हस्व दीर्घ केला, बाकी कांहीं बदललें नाहीं.

चिटणिसांचें उत्तर अद्याप आलेलें नाहीं. नूतनीकरण चैत्रांत आहे.